आतलं माप

शाफ्टचं माप कुणीही घेतो. मायक्रोमीटर दोन्ही बाजूंनी टेकवायचा, रॅचेट दोन-तीनदा करकरू द्यायची, आकडा वाचायचा. भोकाचं माप घ्यायची वेळ आली की मात्र भलेभले टर्नर चष्मा पुसायला लागतात. भोकात नजर पोचत नाही, बोट शिरलं तरी काही सांगत नाही, आणि आत घातलेलं हत्यार नेमकं कुठे टेकलं आहे याला साक्षीदार नसतो. ते व्यासावर टेकलं असेल, नाहीतर व्यासाच्या जरा बाजूला. सरळ असेल, नाहीतर कलंडलेलं. आकडा मिळतोच. डिजिटल व्हर्नियरच्या पडद्यावर खरा आकडा आणि खोटा आकडा सारख्याच ठामपणे उमटतात.

मुंबईत या विद्येचं घराणं उपनगरांतलं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत गेलेला लालबहादूर शास्त्री मार्ग, घाटकोपरच्या असल्फ्याचे आणि अंधेरीच्या साकीनाका-मरोळचे गाळे, हा तो पट्टा. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. फियाट ११०० वरून आलेली प्रीमियर पद्मिनी तिथली. तिचं इंजिन चार सिलिंडरचं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, मिळून १०८९ सीसी. काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पण त्याआधीची कित्येक दशकं तिची इंजिनं गॅरेजांत उघडली जात होती आणि दर वेळी मिस्त्रीपुढे प्रश्न एकच असायचा: बोअर किती खाल्लाय? आकुर्डीहून आलेल्या बजाज चेतकचंही तेच. ५७ बोअर, ५७ स्ट्रोक, १४५.४५ सीसी. कॅलक्युलेटर काढून बघा, आकडा दशांशापर्यंत जुळतो.

सिलिंडर सगळीकडून सारखा झिजत नाही, ही पहिली गोम. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची रिंग क्षणभर थांबून उलटी फिरते, तिथे तेल कमी पोचतं आणि आच सगळ्यांत जास्त लागते, म्हणून तिथे बोअर जास्त खाल्ला जातो. अगदी वर, जिथवर रिंग जातच नाही, तिथे मूळ मापाची कड शिल्लक राहते. नखाने चाचपली तर लागते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका भिंतीवर रेलतो, त्यामुळे त्या दिशेने बोअर लंबगोल होतो. म्हणून एका सिलिंडरचं एक माप असं काही नसतं. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, अशी सहा मापं घ्यावी लागतात. त्यातलं सगळ्यांत मोठं धरून पिस्टनचा पुढचा ओव्हरसाइज ठरतो.

आता ही सहा मापं घ्यायला साध्या गॅरेजवाल्याकडे हत्यार काय? बहुतेकांकडे बोअर गेज नसायचाच. त्यांची युक्ती माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यांत चतुर आहे. मूळ मापाची नवी पिस्टन रिंग घ्यायची, सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनच्या डोक्याने खाली ढकलून आडवी सरळ करायची आणि रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पाती घालून बघायची. तीच रिंग बोअरच्या तळाशी, जिथे झीज जवळजवळ नसते, तिथे न्यायची आणि पुन्हा फट मोजायची. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, त्यामुळे व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला की फट ०.३१ने वाढते. म्हणजे झिजेची तिप्पट वाढवलेली प्रत थेट डोळ्यांसमोर, आणि तीही फीलरच्या पात्यांच्या खर्चात. लंबगोलपणा मात्र यात दिसत नाही, कारण रिंग परीघ मोजते, आकार नाही. त्यासाठी रिंगच्या मागे दिवा धरून प्रकाशाची रेघ कुठे दिसते ते बघणारे मिस्त्री होते.

या सगळ्यातलं मर्म असं, की आतलं माप आतल्या आत कुणी मोजत नाही. ते कशावर तरी उतरवून बाहेर आणतात आणि बाहेर मोजतात. गॅरेजवाला फटीवर उतरवतो, टर्नर टेलिस्कोपिक गेजवर, कारखाना प्लग गेजवर. खरी चूक होते ती या उतरवण्यात.

कारखान्यांची मोठी शेड बंद होऊन त्या जागी टॉवर उभे राहिले तेव्हा टूलरूमचे कारागीर घरी गेले. सगळ्यांचे हात स्वस्थ बसले नाहीत. मुलुंड पूर्वेला असे एक गृहस्थ राहतात. नाव छापू नका म्हणाले, कारण सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आहे आणि गॅलरीतल्या लेथचा विषय मागच्या सभेतच निघाला होता. गॅलरी बंद करून त्यांनी तिथे छोटं लेथ बसवलं आहे, खाली रबराच्या गाद्या, भिंतीला लागून लाकडी कपाट, कपाटात मेणकागदात गुंडाळलेली मापाची हत्यारं. दुपारी दोन ते चार मशीन बंद. तेवढा समझोता खालच्या मजल्याशी झालेला आहे.

मी गेलो तेव्हा शेजारचा डिप्लोमाचा मुलगा तिथे होता. अल्युमिनियमच्या ठोकळ्यात ६२०४ बेअरिंगचं घर बोअर करायचं काम चाललं होतं. ६२०४चा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर. घर एच ७ मध्ये हवं, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५च्या दरम्यान. पंचवीस मायक्रॉनची जागा, आणि मुलाच्या हातात डिजिटल व्हर्नियर.

"काका, सत्तेचाळीस पॉइंट शून्य एक. झालं!"

"ठेव तो खाली. भाजी मोजायला बरा आहे."

हे जरा अन्यायाचं होतं, पण फारसं नाही. बऱ्या डिजिटल व्हर्नियरचीही खात्री दोन-तीन शतांशांची, म्हणजे वीस-तीस मायक्रॉनची असते. सगळी मोकळीक तिथेच संपली. त्यात आतल्या बाजूचे जबडे. त्यांच्या धारा एकमेकींच्या समोर नसतात, शेजारून जातात. मोजली जाते ती व्यासाच्या बाजूची जीवा. धारांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर धरलं तर पाच मिलिमीटरच्या भोकात पंचवीस मायक्रॉन कमी दाखवेल. ४७ला ही चूक तीन मायक्रॉनच्या आत येते, म्हणून मोठ्या बोअरला व्हर्नियर जरा सभ्यपणे वागतो. तिसरी गोष्ट जबडे दाबण्याची. व्हर्नियरची पट्टी एका रेषेत आणि माप दुसऱ्या रेषेत, त्यामुळे अंगठा जरा जोरात लागला की जबडा कलतो. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० साली सांगून ठेवलं की मोजपट्टी आणि मोजायची लांबी एका सरळ रेषेत असावी. मायक्रोमीटर हे पाळतो, व्हर्नियर पाळत नाही.

काकांनी टेलिस्कोपिक गेज काढला. इंग्रजी 'टी'सारखा दिसणारा, आडव्या दांडीची दोन्ही टोकं स्प्रिंगने बाहेर येणारी. तो त्यांनी बोअरमध्ये जरा तिरका घातला, टोकं सुटू दिली, मुठीतला स्क्रू अलगद आवळला. फार नाही, टोकं ढकलली तर सरकावीत इतपतच. मग दांडा एकदाच, एका दिशेने, सरळ रेषेच्या पलीकडे झुकवला. त्या एका झुकण्यात बोअरची भिंतच टोकांना बरोबर मापावर दाबून बसवते. "परत मागे आणायचा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा हलवलास की काय मोजलंस ते तुलाच ठाऊक नाही." बाहेर काढून मायक्रोमीटर लावला: ४७.०१२. पुन्हा सगळं पहिल्यापासून: ४७.००६. पुन्हा: ४७.०१०. मुलगा हिरमुसला, पण काकांना हा पसारा अपेक्षितच होता. टेलिस्कोपिक गेजवर दहा मायक्रॉनच्या आत एकमत होणं हीच चांगली कामगिरी. एकच माप घेऊन थांबणाऱ्याला हा पसारा कधी दिसत नाही, एवढंच.

आणि तरीही ही सगळी मापं खोटी होती, कारण ठोकळा नुकताच कापलेला होता. हात लावला तर कोमट लागत होता. अल्युमिनियम एका अंशाला मिलिमीटरमागे ०.०२३ मायक्रॉन फुगतं. ठोकळा खोलीपेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर ४७च्या बोअरमध्ये साडेएकवीस मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे गरम असताना ४७.०१० दाखवणारं घर निवलं की ४६.९८९वर येणार आणि बेअरिंग दारातच अडणार. जगभरात मापं वीस अंश सेल्सिअसला धरायची असं १९३१ साली ठरलं. मे महिन्यातल्या मुलुंडला हे सांगून बघा. ३३ अंशांच्या खोलीत पोलादी मायक्रोमीटर आणि अल्युमिनियमचा ठोकळा शेजारी शेजारी ठेवले, दोघं एकाच तापमानाला आले, तरी ते सारखे फुगत नाहीत: पोलाद अल्युमिनियमच्या निम्मंच वाढतं. ४७ मिलिमीटरला हा फरक सात मायक्रॉनांचा. घरच्या कामात तो सोडून देता येतो, पण ताज्या कटाची आच सोडून देता येत नाही. काकांनी ठोकळा पंख्याखाली ठेवला आणि चहा सांगितला. चहा झाला की शेवटचा कट.

दरम्यान त्यांनी मुलाला जी गोष्ट दाखवली ती मला हत्यारांच्या कुठल्याही दुकानात दिसली नसती. पोलादाची पाच-सहा मिलिमीटर जाडीची कांडी, दोन्ही टोकं गोलसर घासून घोटलेली. मायक्रोमीटरवर तिची लांबी ४६.९८. कांडीचं एक टोक बोअरच्या भिंतीला एका जागी टेकवून धरायचं आणि दुसरं टोक आडवं डोलवायचं. कांडी व्यासापेक्षा किंचित लहान असल्यामुळे ते टोक दोन्ही बाजूंना थोडं सरकतं आणि भिंतीला लागून थांबतं. एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत एकूण किती सरकलं ते साध्या पट्टीने मोजायचं. सरकण्याचा वर्ग करायचा, कांडीच्या लांबीच्या आठपटीने भागायचं. आलं ते व्यास आणि कांडी यांच्यातलं अंतर. टोक चार मिलिमीटर डोललं तर सोळा भागिले तीनशे शहात्तर, म्हणजे जवळजवळ ०.०४३. बोअर ४७.०२३. टोक तीन मिलिमीटर डोललं तर ०.०२४, बोअर ४७.००४. पट्टीवर एका मिलिमीटरची चूक केली तरी बोअरच्या मापात वीसच मायक्रॉन हलतात. अर्ध्या मिलिमीटरची केली तर दहा. गणित शाळेतल्या पायथागोरसचंच आहे. पट्टीने मायक्रॉन मोजता येतात हे मुलाने तीन वेळा आकडेमोड करून पाहिलं. एक पथ्य मात्र पाळायचं: कांडी बोअरच्या लांबीच्या दिशेने कलता कामा नये. एक अंश कललेली कांडी ४७मध्ये सात मायक्रॉनांची थाप मारते.

घरगुती वर्कशॉप आणि मापाची अचूकता यांचं नातं तसं जुनं आहे. स्लिप गेज, म्हणजे मापाचे पोलादी ठोकळे, ज्यांवर आज सगळी मायक्रोमीटरची दुनिया तपासली जाते, ते स्वीडनच्या एस्किल्सटुनातल्या सी. ई. योहान्सनने काढले, १९०१ साली पेटंट मिळवलं. ठोकळे घासून मापावर आणायचं यंत्र त्याने घरात बसवलं होतं. बायकोच्या शिलाई मशीनवर जुळवून. शिलाई मशीन आणि मायक्रॉन यांची गाठ ऐकून काका म्हणाले, "बायको चांगली होती." आतून काही भांड्यांचा आवाज आला, तो त्यावरचा अभिप्राय असावा.

बोअर गेज हे खरं तर या कामाचं राजमान्य हत्यार. लांब दांडा, वर डायल, खाली दोन टोकं, मायक्रोमीटर ४७.०००वर बांधून त्यात गेज डोलवायचा, काटा जिथून परत फिरतो तिथे शून्य करायचं, मग बोअरमध्ये तसाच डोलवायचा आणि परत फिरण्याची जागा वाचायची. नवशिक्याची पंचाईत इथे होते. बोअर लहान असेल तर टोक जास्त दाबलं जातं आणि काटा शून्याच्या पुढे, घड्याळाच्या दिशेने जातो. पुढे गेला म्हणजे मोठा झाला, असं समजून मशीन थांबवणारा सुदैवी. अजून कापायला जागा तरी उरते. उलट वाचून कट वाढवणाऱ्याचा जॉब भंगारात.

तरी या गेजचा एक आंधळेपणा आहे, तो साकीनाक्याच्या एका गाळ्यात मला प्रत्यक्ष दाखवला गेला. पातळ भिंतीची रिंग तीन जॉच्या चकमध्ये घट्ट आवळून बोअर केली होती. बोअर गेज सगळीकडे फिरवला, काटा हलेना. चकातून सोडवून पुन्हा फिरवला, तरी हलेना. बेअरिंग मात्र तिच्यात जाईना. कारण चकच्या तीन जॉंनी रिंग तीन ठिकाणी आत दाबली होती. दाबलेल्या अवस्थेत ती गोल कापली गेली आणि सुटल्यावर तीनकोनी झाली. तीनकोनी आकाराची गंमत अशी, की जिथे एका बाजूने तो फुगतो तिथे बरोबर समोर तेवढाच खोल जातो, त्यामुळे आरपार माप सगळीकडे सारखं येतं. इंग्लंडचं सातकोनी पन्नास पेन्सचं नाणं असंच: गोल नाही, पण कुठूनही मोजा, रुंदी तीच. तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लावला की तीनकोनीपणा लगेच पकडला जातो. मग तोच वापरावा ना? तर लंबगोल बोअरसमोर तो आंधळा. १२० अंशांवरच्या तीन टोकांत लंबगोलाचं कमी-जास्त एकमेकांना खाऊन टाकतं. दोन टोकांच्या गेजला तीनकोन दिसत नाही, तीन टोकांच्या मायक्रोमीटरला लंबगोल दिसत नाही. झिजलेल्या सिलिंडरला पहिला हवा, चकात आवळलेल्या रिंगला दुसरा. गाळ्याचे मालक या दोन्हींपेक्षा चकची चावी शेवटच्या कटाआधी किंचित सैल करण्यावर जास्त विश्वास ठेवतात, आणि मला वाटतं ते बरोबर आहेत.

हत्यारं कुठून घ्यावीत, हे घरी लेथ ठेवणारे सगळेच विचारतात. मुंबईत त्याचं उत्तर अजून नागदेवी स्ट्रीट हेच आहे. मशीद बंदरला उतरून चालत जा, बेअरिंगपासून बोअरिंग बारपर्यंत सगळं मिळतं. पुण्याच्या बेकरचे डायल गेज तिथे मिळतात, जपानी मित्सुतोयो मिळतो, आणि मित्सुतोयोसारखं दिसणारंही मिळतं. जुन्याची आवड असेल तर चोरबाजारात मूर अँड राइटचे टेलिस्कोपिक गेज कधी तरी हाताला लागतात; टोकं चपटी झाली आहेत का ते भिंगाने पाहून घ्यावं. चपटं टोक बोअरच्या वक्रात बसत नाही. पावसाळ्यात मात्र ही सगळी मालमत्ता ओझं होते. मुंबईच्या दमट हवेत बोटाच्या ठशाइतका घामही पोलादावर दोन दिवसांत तांबूस डाग धरतो, आणि मापाच्या पृष्ठभागावरचा डाग घासून काढणं म्हणजे मापच घासून काढणं. काकांच्या कपाटात प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी होती, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेली.

सेटिंग रिंग, म्हणजे बोअर गेज तपासायची प्रमाणित कडी, घरच्या माणसाला परवडत नाही. त्यावरची तोड मला फार आवडली: चांगल्या कंपनीचं नवं बॉल बेअरिंग. त्याच्या आतल्या रिंगचं भोक कडक पोलादाचं, ग्राइंड केलेलं, आणि मापाची हमी कंपनीची. ६२०४चं आतलं भोक २० मिलिमीटर, जास्तीत जास्त दहा मायक्रॉनांनी कमी, मोठं कधीच नाही. ६२१०चं ५०, बारा मायक्रॉनांपर्यंत कमी. काही शे रुपयांत दहा-बारा मायक्रॉनांच्या खात्रीची रिंग मिळते, आणि कंटाळा आला की ती मशीनमध्ये बसवूनही टाकता येते.

चहानंतर काकांचा ठोकळा थंड झाला होता. त्यांनी शेवटचा कट फार लहान घेतला आणि मग क्रॉस स्लाइडला हात न लावता तोच कट पुन्हा एकदा फिरवला. रिकाम्या फेरीतही कीस निघाला, केसासारखा. बोअरिंग बार पहिल्या फेरीत वाकलेला असतो, दुसऱ्या फेरीत तो सरळ होताना उरलेलं कापतो. कांडी डोलवली: जेमतेम तीन मिलिमीटर. बेअरिंग हाताने ठेवलं, अंगठ्यांनी सगळीकडून सारखं दाबलं आणि ते न अडखळता सरकत आत गेलं.  

गाळ्यातल्या धंद्याचं गणित याहून रोकडं. तिथे बोअर बरोबर की चूक हे पार्टीचा प्लग गेज ठरवतो: गो बाजू गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. आकडा कुणी विचारत नाही. पण गेजही झिजतो. हजारो जॉबमध्ये आत-बाहेर करून गो बाजू लहान होत जाते, मग लहान बोअरही पास होतो आणि पार्टीच्या असेंब्लीत बेअरिंग अडतं. माल परत येतो, दोष गाळ्याच्या माथी. अशी तक्रार वाढली की गेज चुनाभट्टीला 'आयडेमी'कडे, म्हणजे विद्युत मापन उपकरणांसाठी असलेल्या केंद्र सरकारी संस्थेकडे, नाहीतर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत तपासायला जातो. साकीनाक्याचे ते मालक आता पार्टीकडून गेज घेताना आधी त्याच्या प्रमाणपत्राची तारीख बघतात, आणि वर्षाहून जुनी असेल तर ऑर्डरवर तसं लिहून पार्टीची सही घेतात.